‘नाव ऐकलं नाही’ त्या कॉलेजात लेकीला पाठवू का?

पत्र

ताई, नमस्कार.

मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. अंबड एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे, सगळं जॉबवर्क. पत्नी माध्यमिक शाळेत शिक्षिका. थोरली मुलगी यंदा बारावी सायन्स. इंजिनिअरिंगला जाणार नाही हे तिनं अकरावीतच सांगून टाकलं होतं. तिला गणित करायचंय, जोडीला अर्थशास्त्र, आणि नाटक सोडायचं नाही. तिनं स्वतःच माहिती काढून अमेरिकेत अर्ज केले. आम्ही म्हटलं, होऊ दे हौस. मार्चमध्ये दोन ठिकाणांहून होकार आला आणि तेव्हापासून घरात रोज रात्री जेवणानंतर चर्चासत्र भरतं.

पहिलं ठिकाण म्हणजे मिडवेस्टमधलं (अमेरिकेचा उत्तर-मध्य भाग) एक लिबरल आर्ट्स कॉलेज, म्हणजे शास्त्र, कला असे सगळे विषय एकत्र घेता येणारं पदवीचं कॉलेज. गाव छोटं, कॉलेजात मुलं दोन हजारांच्या आत. वर्षाचा एकूण खर्च ८२,००० डॉलर, पण ते ५९,००० ची ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, देतायत. शिवाय २,५०० डॉलरचं कॅम्पसवरचं काम. दुसरं ठिकाण त्याच भागातलं सरकारी विद्यापीठ, चाळीस हजारांच्या वर मुलं. तिथला खर्च ५१,०००, आणि मार्कांवर मिळालेली स्कॉलरशिप वर्षाला २०,०००.

मुलीचा कल छोट्याकडे आहे, पण तीही ठाम नाही. माझा धाकटा भाऊ हिंजवडीत आयटीत आहे. त्यानं वर्ल्ड रँकिंगच्या यादीत शोधलं, मोठं विद्यापीठ सापडलं, छोट्याचं नावच नाही. तो म्हणतो, “दादा, ज्याचं नाव कुणी ऐकलं नाही तिथं एवढे पैसे घालून पोरगी पाठवतोस?” दिंडोरीला वडिलोपार्जित द्राक्षबाग आहे, वेळ पडली तर ती तारण ठेवायची तयारी आहे. मुलगी वर्गात फारशी बोलत नाही, पण गणिताच्या सरांना रात्री अकराला व्हॉट्सॲपवर ‘सर, ही दुसरी रीत चालेल का’ म्हणून वहीचे फोटो पाठवत असते. १ मेपर्यंत एका ठिकाणी होकार द्यायचाय. काय करू?

– एक वडील, नाशिक

उत्तर

नमस्कार. आधी माझं मत सांगते, कारण १ मे जवळ आली आहे. तुमच्या मुलीसाठी मी छोट्या कॉलेजच्या बाजूनं आहे. पण दोन ठिकाणी खुंटा हलवून बघावा लागेल. एक, ग्रँटच्या पत्रातली एक ओळ. दुसरं, गणिताचे वरच्या वर्गातले विषय. ही दोन उत्तरं मनासारखी आली नाहीत तर मी मत फिरवीन.

तुमच्या भावापासून सुरू करू, कारण चर्चासत्रात त्यांचाच आवाज मोठा दिसतोय. त्यांनी यादी बघितली यात चूक काहीच नाही. फक्त ती यादी या कॉलेजांची नव्हेच. क्यूएस आणि टाइम्सच्या जागतिक याद्यांमध्ये विद्यापीठं मोजली जातात. तिथं संशोधनाचे पेपर किती, त्यांचे दाखले किती जणांनी दिले, याला मोठं वजन असतं. लिबरल आर्ट्स कॉलेजात मुख्यतः पदवीचीच मुलं असतात, पीएचडीचा कारखाना नसतो. त्यामुळे ती त्या यादीत बसतच नाहीत. अमेरिकेत ‘यूएस न्यूज’ त्यांची यादी वेगळी काढतं. विल्यम्स १७९३ मध्ये सुरू झालं, ॲमहर्स्ट १८२१ मध्ये, स्वार्थमोर १८६४ मध्ये. तिथं या कॉलेजांचा दरारा आहे. आपल्या कॉलेज रोडवर उभं राहून दहा जणांना विचारा, एकालाही माहीत नसेल.

म्हणून ‘नाव चालतं’ असं कुणी म्हटलं की विचारायचं, कुठं चालतं? अमेरिकेतल्या पीएचडी प्रवेश समितीत चांगल्या छोट्या कॉलेजचं नाव उत्तम चालतं. त्यांच्या आकाराच्या मानानं पुढे पीएचडी करणारी मुलं या कॉलेजांतून बरीच निघतात. तिथल्या मोठ्या कंपन्यांतही चालतं. पण मुलगी बाविसाव्या वर्षी परत आली आणि मुंबई-पुण्यात नोकरी शोधू लागली, तर एचआरवाला तुमच्या भावासारखाच चेहरा करील. हे मान्य करूनच पुढे जा. शिवाय गणित केलं तरी पदवीवर बहुधा ‘बी.ए.’ असं लिहिलेलं असेल, कारण ही कॉलेजं शास्त्राच्या विषयांनाही तीच पदवी देतात. ‘बीए करायला अमेरिकेला?’ हे वाक्य लग्नकार्यात दहा वेळा ऐकायची मनाची तयारी ठेवा. भारतात पुढे एमएस्सी किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल, तर चारही वर्षांच्या मार्कशीट आणि प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम जपून ठेवायला सांगा. समकक्षतेचा अर्ज करताना लागतात.

आणि मान्यतेची काळजी असेल तर हे तपासा: मिडवेस्टमधल्या बहुतेक छोट्या-मोठ्या सगळ्या संस्थांना मान्यता देणारी संस्था एकच आहे, हायर लर्निंग कमिशन. तिच्या वेबसाइटवर दोन्ही नावं शोधली की पाच मिनिटांत तो विषय मिटतो.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते रात्री अकराच्या फोटोंचं. आपल्याकडे सायन्सची अकरावी-बारावी कशी होते ते तुम्हाला माहीत आहे. नावाला कॉलेज, खरा मुक्काम क्लासमध्ये. एका बॅचला दीडशे पोरं, माइकवर शिकवणारे सर, शंकांसाठी वेगळा काउंटर. अशा ठिकाणीही या मुलीनं एक माणूस शोधला, जो तिची दुसरी रीत वाचतो. वर्गात गप्प बसणारी पण शिक्षकाला गाठून विचारणारी मुलं छोट्या वर्गात फुलतात, असा माझा अनुभव आहे. पंधरा-वीस जणांच्या वर्गात गप्प बसणं तसंही अवघड जातं.

मोठ्या सरकारी विद्यापीठात पहिली दोन वर्षं सहसा अशी जातात: कॅल्क्युलस, अर्थशास्त्राची ओळख, मानसशास्त्राची ओळख, हे विषय दोनशे-तीनशे मुलांच्या सभागृहात. प्राध्यापक नामवंत असू शकतो, पण तुमच्या मुलीचा पेपर तपासणारा आणि आठवड्यातून एकदा लहान गटाला शिकवणारा बहुतेक वेळा पीएचडीचा विद्यार्थी असतो. त्याला तिथं टीए म्हणतात. काही टीए प्राध्यापकापेक्षा चांगले शिकवतात, हेही खरं. पण दोन वर्षांनी तो निघून जातो, आणि तुमच्या मुलीला शिफारसपत्र हवं असतं तेव्हा तिला ओळखणारा प्राध्यापक कोण, हा प्रश्न पडतो. छोट्या कॉलेजात टीए नसतातच म्हटलं तरी चालेल. पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस शिकवणारी बाईच तिसऱ्या वर्षी ॲनालिसिस शिकवते आणि तिच्याच ऑफिसच्या दारात मुलं बसलेली असतात.

हे सगळं माहितीपत्रकात शोधू नका. माहितीपत्रकात प्रत्येक कॉलेजात झाडाखाली सहा मुलं आणि एक हसरे प्राध्यापक असतात. अमेरिकेतली बहुतेक कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक फॉर्म भरून वेबसाइटवर ठेवतात. मुलीला दोन्हींचा काढायला सांगा. त्यातला आय हा विभाग उघडा. किती वर्ग दोन ते नऊ मुलांचे, किती दहा ते एकोणीसचे, असं करत शंभराच्या वरचे किती, असा तक्ता असतो. आता इथं एक गंमत आहे. तो तक्ता वर्ग मोजतो, मुलं मोजत नाही. तीनशे मुलांचं सभागृह म्हणजे एक वर्ग, आणि शेवटच्या वर्षाच्या आठ मुलांचा सेमिनार म्हणजेही एक वर्ग. त्यामुळे एखादं प्रचंड विद्यापीठसुद्धा ‘आमचे निम्मे वर्ग वीसच्या आतले आहेत’ असं खरं-खरं सांगू शकतं आणि तुमच्या मुलीचं पहिलं वर्ष तरीही तीनशेच्या गर्दीत जाऊ शकतं. म्हणून शंभराच्या वरच्या रकान्यात किती आकडा आहे तो बघा. छोट्या कॉलेजात तिथं शून्य किंवा एखाद-दुसरा असतो. एकास नऊ, एकास अठरा हे जे शिक्षक-विद्यार्थी प्रमाण छापतात त्यावरूनही वर्गाचा आकार ठरवू नका.

त्याच फॉर्मच्या बी विभागात पहिल्या वर्षानंतर किती मुलं टिकली आणि सहा वर्षांत किती जणांनी पदवी पूर्ण केली ते असतं. एच विभागात परदेशी विद्यार्थ्यांना किती जणांना, सरासरी किती मदत दिली ते असतं. वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला ताळेबंद वाचायला शिकवायची गरज नाही, हाही तसाच वाचा.

इथपर्यंत मी छोट्या कॉलेजची वकिली केली. आता त्याची खरी दुखरी जागा सांगते, कारण तुमची मुलगी गणितवाली आहे.

छोट्या कॉलेजात गणित विभागात आठ-दहा प्राध्यापक असतात. कॅल्क्युलस, लिनियर अल्जिब्रा, संख्याशास्त्र दर वर्षी चालतं. पण वरचे विषय, म्हणजे टोपोलॉजी, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस, ॲब्स्ट्रॅक्ट अल्जिब्राचा दुसरा भाग, बऱ्याचदा एक वर्षाआड शिकवले जातात. काही तर नावापुरते पुस्तिकेत असतात. खरोखर वेगानं जाणारी मुलगी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ‘आता काय’ म्हणत बसू शकते. मोठ्या विद्यापीठात हा प्रश्न येत नाही. तिथं हुशार मुलं तिसऱ्या वर्षी थेट पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन बसतात, आणि मग तो तीनशेच्या सभागृहाचा त्रास विसरायला होतो. मोठ्या ठिकाणाची खरी ताकद पहिल्या वर्षात नाही, तिथंच आहे.

त्यामुळे एक काम मुलीनं स्वतः करायचं, तुम्ही नाही. दोन्हींच्या रजिस्ट्रारच्या पानावर सत्रवार वेळापत्रक असतं, म्हणजे प्रत्यक्ष कुठला विषय कुठल्या सत्रात झाला. अभ्यासक्रमाची पुस्तिका नव्हे. गेल्या दोन वर्षांची चारही सत्रं उघडायची आणि गणिताचे वरच्या पातळीचे किती विषय खरोखर चालले ते वहीत लिहायचं. मग ‘मी पहिल्या वर्षी अमुकपासून सुरुवात केली तर आठ सत्रांत काय काय घेईन’ असं स्वतःचं वेळापत्रक मांडायचं, दोन्हीकडचं. छोट्याकडचं वेळापत्रक सहाव्या सत्राला आटलं, तर गणित विभागप्रमुखांना सरळ मेल टाकायची की मागे अशा मुलांनी काय केलं. चांगलं उत्तर असं दिसतं: स्वतंत्र अभ्यास म्हणून प्राध्यापकाबरोबर एकट्यानं विषय घेतला, किंवा एक सत्र ‘बुडापेस्ट सेमिस्टर्स इन मॅथेमॅटिक्स’ला गेली. तो कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे आणि छोट्या कॉलेजांतली गणिताची मुलं तिथं आवर्जून जातात. ‘आमच्याकडे सगळं छान आहे’ एवढंच उत्तर आलं, तर त्याचा अर्थ तुम्हाला कळेलच.

मेलला उत्तर किती दिवसांत आलं आणि कुणी दिलं, तेही वहीत लिहा.

आणखी एक प्रश्न त्याच मेलमध्ये: उन्हाळ्यातलं संशोधन. अमेरिकेत गणित-शास्त्राची मुलं उन्हाळ्यात ‘आरईयू’ नावाच्या कार्यक्रमांना जातात. त्याचे पैसे नॅशनल सायन्स फाउंडेशन देतं, आणि ते अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी असतात. आपल्या मुलांना हे तिथं गेल्यावर कळतं आणि पहिला उन्हाळा कोरडा जातो. म्हणून कॉलेजचा स्वतःचा उन्हाळी संशोधन निधी आहे का, परदेशी मुलांना तो मिळतो का, दर वर्षी किती जणांना, हे आत्ताच विचारायचं. पैसेवाली छोटी कॉलेजं इथं उदार असतात.

आता हिशेब. घरात सगळे ‘एक ८२ चं, एक ५१ चं’ असं बोलत असतील. ते आकडे विसरा. खिशातून काय जाणार ते बघा.

छोटं: ८२,००० वजा ५९,००० म्हणजे २३,००० डॉलर. कॉलेजच्या पत्रात बहुधा कामाचे २,५०० वजा करून २०,५०० दाखवलेले असतील. ते वजा करू नका. ते पैसे मुलीनं तिथं जाऊन लायब्ररीत किंवा मेसमध्ये तासाच्या दरानं काम केल्यावर हप्त्याहप्त्यानं तिच्या खात्यात येतात. ऑगस्टच्या बिलाला ते उपयोगी पडत नाहीत. तिचा वरखर्च त्यातून निघेल एवढंच धरा. मोठं: ५१,००० वजा २०,००० म्हणजे ३१,०००. डॉलर ९० रुपये धरला तर पहिल्या वर्षी २० लाख ७० हजार विरुद्ध २७ लाख ९० हजार. इथपर्यंत तुम्हीही आला असाल.

पण फी दर वर्षी वाढते. चार टक्के धरू. मोठ्याची स्कॉलरशिप २०,००० वरच गोठलेली असते, वाढ सगळी तुमच्या अंगावर. चार वर्षांचे होतात सुमारे १ लाख ३६ हजार डॉलर, म्हणजे १ कोटी २३ लाख रुपये. छोट्याची ग्रँटही ५९,००० वर गोठलेली असेल तर १ लाख १२ हजार डॉलर, १ कोटी १ लाख. आणि ग्रँट फीच्या प्रमाणात वाढणार असेल, तर साधारण ९८ हजार डॉलर, ८८ लाख. म्हणजे एका ओळीच्या उत्तरावर तेरा लाखांचा फरक. मी सुरुवातीला म्हटलं ती ओळ हीच. आर्थिक मदत कार्यालयाला इंग्रजीत दोन वाक्यांची मेल: ग्रँट चारही वर्षं मिळेल का आणि फी वाढली तर ग्रँट वाढेल का? उत्तर लेखी घ्या. फोनवर गोड बोलतात सगळेच.

दुसरीकडच्या स्कॉलरशिपला किमान जीपीएची, म्हणजे सरासरी गुणांकाची, अट असते. ती किती आणि एका सत्रात घसरलं तर लगेच जाते की सावरायला सत्र मिळतं, तेही लेखी विचारा. गरजेवर दिलेल्या ग्रँटला सहसा नुसतं उत्तीर्ण होत राहणं पुरतं. गणितासारखा विषय घेणाऱ्या मुलीला हे महत्त्वाचं आहे, नाहीतर जीपीए सांभाळायला मुलं सोपे विषय घेत बसतात. आरोग्य विमा एकूण खर्चात धरलाय की वेगळा, हेही दोन्हीकडे बघा. वेगळा असेल तर दर वर्षी काही हजार डॉलर वाढले.

द्राक्षबागेबद्दल. बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण घेत नाहीत. एनए प्लॉट, फ्लॅट, एफडी चालते. तेव्हा इंदिरानगरच्या फ्लॅटची कागदपत्रं काढा, बागेच्या सातबाऱ्याला हात लावायची वेळ येणार नाही (आणि येऊही देऊ नका, एका अवकाळी पावसानं हंगाम जातो ते दिंडोरीकरांना मी काय सांगू). बँकेत भावाचीच यादी पुन्हा भेटेल. विनातारण किंवा कमी व्याजाच्या कर्जासाठी बँका आणि फायनान्स कंपन्या स्वतःची विद्यापीठांची यादी वापरतात आणि त्यात छोटी कॉलेजं बऱ्याचदा नसतात. त्यामुळे मंजुरीचं पत्र नसताना होकार देऊ नका. किमान तत्त्वतः मंजुरी तरी हवी. हे काम उद्याच सुरू करा.

नोकरीचं थोडक्यात. पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावर बारा महिने काम करता येतं, त्याला ओपीटी म्हणतात. विषय सरकारच्या ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीतला असेल तर आणखी चोवीस महिने. गणित त्यात आहे. अर्थशास्त्राचं मात्र कॉलेजवर अवलंबून आहे: साध्या अर्थशास्त्राच्या संकेतांकाखाली नोंद असेल तर नाही, ‘इकॉनोमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स’ या ४५.०६०३ क्रमांकाखाली असेल तर आहे. बऱ्याच कॉलेजांनी अलीकडे मुद्दाम हा बदल करून घेतलाय. तुमच्या मुलीनं शेवटी गणित सोडून अर्थशास्त्र धरलं तर हा आकडा दोन वर्षांचा फरक पाडील. पण या सगळ्यावर घर गहाण टाकू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, ओपीटीवरही टांगती तलवार असते. ती चार वर्षांनी परत येणार असं धरून हप्ता झेपतो का, तेवढं बघा. नोकरीच्या बाबतीत मोठ्या विद्यापीठाला फायदा आहे, हे मी लपवत नाही. तिथल्या नोकरी मेळाव्याला कंपन्या रांगेनं येतात. छोट्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांना मेल टाकत दार वाजवावं लागतं. ज्याला आपण कॅम्पस प्लेसमेंट म्हणतो तसं बसल्या जागी नोकरी देणारं खातं मात्र दोन्हीकडे नाही.

नाटकाचं छोट्याकडे सोपं आहे. कॉलेजच्या मुख्य नाटकात कुणीही ऑडिशन देऊ शकतं, गणितवाली मुलगीसुद्धा. मोठ्या विद्यापीठात नाट्यविभागाची मुलं मुख्य भूमिका घेऊन जातात, बाकीच्यांसाठी हौशी मंडळं असतात, तीही वाईट नसतात.

राहण्याचं मात्र मुलीशी बसून बोला. मोठ्या ठिकाणी शेकडो भारतीय मुलं, होळी-दिवाळी, जवळपास किराणा दुकान. छोट्या गावात संध्याकाळी सहाला मेन रोड सामसूम. निफाडला पारा चार-पाचवर आला की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते, तिथं जानेवारीत पारा उणे वीसपर्यंतही जातो आणि लोक कामाला जातात. आणि दोन हजारांच्या कॉलेजात रूममेटशी भांडण झालं तर ते सगळ्या कॉलेजला कळतं, चेहरा लपवायला जागा नसते. काही मुलांना हे जाचतं. दोन्हीकडच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या भारतीय मुलांशी मुलीला एकटीला व्हिडिओ कॉलवर बोलू द्या. कॉलेजनं प्रचाराला नेमलेली मुलं नकोत. तिच्याशी मोकळं बोलणारी मुलं विद्यार्थी संघटनेच्या इन्स्टावर सापडतील. तुम्ही मागे खुर्चीत बसू नका.

एक तपासणी राहिली, ती फक्त छोट्यासाठी. अमेरिकेत मुलांची संख्या घटतेय आणि कमकुवत छोटी कॉलेजं बंद पडतायत. न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज १८६८ पासूनचं. २०२४ च्या एप्रिलअखेरीला त्यांनी जाहीर केलं की हे सत्र संपलं की बंद. अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न त्याच मेमध्ये बंद झालं. दुसऱ्या टोकाला आयोवातलं ग्रिनेल: साधारण सतराशे मुलं आणि कॉलेजचा स्वतःचा गुंतवलेला निधी दोन अब्ज डॉलरच्या वर. तुमचं कॉलेज या दोन टोकांमध्ये कुठं आहे ते बघा: निधी किती आणि गेल्या पाच-सात वर्षांत पहिल्या वर्षाची संख्या टिकली की घसरली. ५९,००० ची ग्रँट देणारं कॉलेज सहसा भक्कम असतं, पण ‘सहसा’वर विसंबू नका. विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून फी सवलत वाटणारीही कॉलेजं असतात.

हेच पत्र आपल्या देशातल्या कॉलेजांपुरतं लिहिणारे पालकही मला बरेच भेटतात. लवळ्याचं फ्लेम, विमाननगरचं सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स, सोनीपतचं अशोका एकीकडे, आणि फर्ग्युसन किंवा थेट इथलंच एचपीटी-आरवायके, केटीएचएम दुसरीकडे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्या कॉलेजांतही मेजर-मायनर, दुसऱ्या शाखेचा विषय हे सगळं कागदावर आलंय. प्रत्यक्षात कुठले विषय चालतात, शिकवायला कोण आहे आणि वर्गात किती मुलं, ही चौकशी तिथंही तशीच करायची. फीच्या फरकात घराचा हप्ता बसतो, म्हणून इथं माझं मत इतक्या सहज खासगीच्या बाजूला झुकत नाही.

तर तुमचं. या आठवड्यात तीन मेल जातील: आर्थिक मदत कार्यालयाला, गणित विभागाला आणि मोठ्या विद्यापीठाच्या स्कॉलरशिप कार्यालयाला. तिन्ही मुलगी लिहील, तुम्ही फक्त वाचा. ग्रँट वाढणार असं लेखी आलं आणि वेळापत्रक आठव्या सत्रापर्यंत भरलं, तर छोटं, डोळे झाकून. ग्रँट गोठलेली आहे पण वेळापत्रक भरतंय, तरीही छोटं, हप्ता झेपत असेल तर. वेळापत्रक पाचव्या-सहाव्या सत्रालाच संपलं आणि मुलगी म्हणाली की मला पुढे गणितच करायचंय, तर मोठं, आणि तिथं ऑनर्स कार्यक्रमात (निवडक हुशार मुलांसाठीच्या वेगळ्या तुकडीत) शिरता येतं का ते लगेच विचारा. तिथल्या ऑनर्सचे वर्ग छोटे असतात आणि बरंचसं दुखणं कमी होतं.

अनामत एकाच ठिकाणी भरा. दोन्हीकडे भरून जूनमध्ये ठरवू, असा सल्ला देणारे एजंट गंगापूर रोडवर भेटतील. कळलं तर दोन्ही प्रवेश धोक्यात येतात. ज्यांना नाही म्हणायचं त्यांना दोन ओळींची मेल त्याच दिवशी टाका. आणि होकार दिला त्याच संध्याकाळी बँकेची कागदपत्रं पाठवून आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म) मागवा, कारण ते हातात आल्याशिवाय मुंबईच्या व्हिसा मुलाखतीची तारीख घेता येत नाही, आणि मे-जूनमध्ये त्या तारखा मिळता मिळत नाहीत.